अमेरिकेतल्या परवान्यासाठी बोटांचे ठसे देताना

अमेरिकेत परिचारिका म्हणून काम करायचं तर तिथल्या राज्याचा परवाना लागतो, आणि बहुतेक राज्यांची नर्सिंग बोर्डं तो देण्याआधी अर्जदाराच्या दहाही बोटांचे ठसे मागतात. शिक्षक, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, घरांच्या खरेदीविक्रीचे एजंट, गृहकर्जाचे अधिकारी, कॅलिफोर्नियातले नोटरी, यांच्याही वाट्याला कुठल्या ना कुठल्या राज्यात हेच येतं. आपल्याकडून जाणाऱ्या मुली एनसीएलएक्स या परवाना परीक्षेचा अभ्यास महिनोन्‌महिने करतात, कॉलेजची आणि कौन्सिलची कागदपत्रं चिकाटीने गोळा करतात. ठसे मात्र शेवटचं किरकोळ काम म्हणून बाजूला राहतात. मग सगळा अर्ज तयार असूनही फाईल त्याच एका गोष्टीसाठी अडकते. शाईचं कार्ड नापसंत झालं की नवं कार्ड मागवा, पुन्हा ठसे द्या, पुन्हा कुरियर करा, पुन्हा तपासणीच्या रांगेत उभे राहा. यात कित्येक आठवडे जातात आणि रुजू होण्याची तारीख काही त्यासाठी थांबत नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडते आहे. उदाहरणं मुख्यतः परिचारिकांची घेतली आहेत, पण बाकीच्यांनाही बहुतेक गोष्टी जशाच्या तशा लागू पडतील.

हे ठसे कशासाठी घेतात ते आधी पाहू. १९७२ साली अमेरिकी संसदेने केलेल्या एका कायद्यानुसार राज्यांच्या परवाना देणाऱ्या मंडळांना अर्जदाराची गुन्हेविषयक नोंद एफबीआयकडून मागवता येते. ठसे आधी राज्याच्या पोलीस किंवा न्याय विभागाकडे जातात, तिथून वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला, एफबीआयच्या नोंदींच्या केंद्रात. नुसत्या नावावरून शोध घेतला तर एकाच नावाची दहा माणसं निघतात. ठशांवरून घेतला तर माणूस एकच सापडतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. व्हिसासाठी मुंबईच्या केंद्रात दिलेले ठसे, ग्रीन कार्डच्या अर्जासाठी अमेरिकेत दिलेले ठसे, एनसीएलएक्सच्या वेळी घेतलेली तळहाताच्या शिरांची प्रतिमा, आपल्याकडचं पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट किंवा आधारची नोंदणी, यांतलं काहीही बोर्डाला चालत नाही. एका मंडळासाठी दिलेले ठसे दुसऱ्या मंडळालाही सहसा चालत नाहीत. कॅलिफोर्नियासाठी ठसे दिले आणि पुढे टेक्ससला अर्ज केला, तर पुन्हा पैसे भरून पुन्हा ठसे द्यावे लागतील. आलेला अहवाल ज्या कामासाठी मागवला त्याच कामासाठी वापरायचा, असं त्यामागचं बंधन आहे.

कार्ड की यंत्र

ठसे दोन पद्धतींनी घेतात. शाईच्या पद्धतीत एफडी-२५८ नावाचं आठ इंच लांब आणि आठ इंच रुंद कार्ड असतं, त्यावर काळ्या शाईने ठसे उमटवायचे. दुसऱ्या पद्धतीत काचेवर बोट ठेवायचं, यंत्र त्याची प्रतिमा घेतं आणि ती थेट राज्याच्या संगणकाकडे जाते. याला तिकडे सर्रास ‘लाइव्ह स्कॅन’ म्हणतात.

कुठली पद्धत निवडायची, हे बरंचसं तुम्ही कुठे आहात यावरून ठरतं. कॅलिफोर्नियाचं लाइव्ह स्कॅन कॅलिफोर्नियात प्रत्यक्ष हजर राहूनच देता येतं. सोलापुरात किंवा मडगावात बसून अर्ज करणाऱ्यापुढे शाईच्या कार्डाचाच मार्ग असतो, आणि न्यू जर्सीत राहून कॅलिफोर्नियाचा परवाना मागणाऱ्यालाही तेच करावं लागतं. फ्लोरिडाला ठसे इलेक्ट्रॉनिक रूपातच हवे असतात, पण राज्याबाहेरच्यांसाठी तिथे मधला मार्ग आहे. शाईचं कार्ड मान्यताप्राप्त कंपनीकडे पाठवायचं, ती ते स्कॅन करून पुढे धाडते. अशी सोय इतरही काही राज्यांनी ठेवली आहे. तुमच्या बोर्डाच्या सूचनांमध्ये ‘आउट ऑफ स्टेट’ अर्जदारांसाठी वेगळा परिच्छेद असतो, तो नीट वाचा. अनेकजण राज्यातल्या लोकांसाठीच्याच सूचना वाचून चुकीचा फॉर्म भरून बसतात.

दोन्हींपैकी निवड करता येत असेल, म्हणजे तुम्ही त्या राज्यात असाल किंवा लवकरच जाणार असाल, तर माझं मत स्पष्टपणे यंत्राच्या बाजूने आहे. ठसा अपुरा आला तर तिथल्या तिथे पडद्यावर दिसतो आणि लगेच पुन्हा घेता येतो. अहवालही बहुधा काही दिवसांत बोर्डाकडे पोचतो. कार्डाचं तसं नाही. ते टपालाने जातं, कुणीतरी उघडतं, स्कॅन करतं, आणि ठसा पुसट आहे हे तुम्हाला कळेपर्यंत ऋतू बदललेला असतो. ज्यांचं अमेरिकेला जाणं महिन्या-दोन महिन्यांवर आलं आहे आणि बोर्डाची मुदत तेवढी थांबू शकते, त्यांनी तिथे उतरल्यावर लाइव्ह स्कॅन करावं. ज्यांचा व्हिसाच परवान्यावर किंवा बोर्डाच्या पत्रावर अवलंबून आहे, त्यांनी वाट पाहू नये, कार्डच करावं आणि पुढे लिहिलेल्या गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाळाव्यात.

वेळ निवडताना एक काळजी घ्या. काही बोर्डं आधी अर्ज आणि फी मागतात, तो दाखल झाला की ठशांसाठीचा क्रमांक पाठवतात. त्याआधीच ठसे दिले तर ते कुठल्या अर्जाचे हे कुणालाच कळत नाही. उलट ठसे फार जुने झाले तरीही ते नाकारले जाऊ शकतात. म्हणून बोर्डाने दिलेला क्रम मोडू नका.

ठशापेक्षा मजकुरात होणाऱ्या चुका

कार्डाच्या वरच्या भागात नाव-गाव भरायच्या चौकटी असतात. आपल्या लोकांची कार्डं इथे जास्त घसरतात, कारण चौकटी अमेरिकन सवयींनी आखलेल्या आहेत.

सर्वांत मोठा घोळ नावाचा. आपलं नाव म्हणजे स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. पासपोर्टवर पहिली दोन एकत्र ‘गिव्हन नेम’मध्ये येतात. नर्सिंगचं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, दहावीचं गुणपत्रक तिसऱ्याच स्पेलिंगने, ही कितीतरी बायकांची परिस्थिती आहे. लग्नात नावच बदललं असेल तर गुंता आणखी वाढतो. नियम साधा ठेवा. पासपोर्टवर आणि परवान्याच्या अर्जात जे नाव आहे तेच, त्याच स्पेलिंगने कार्डावर. कार्डावर क्रम आडनाव, पहिलं नाव, मधलं नाव असा असतो. याआधी कागदोपत्री वापरलेलं प्रत्येक नाव ‘अलायसेस’ किंवा ‘एकेए’ या चौकटीत लिहा, माहेरचं नाव तर आवर्जून. पोलिसी वाटणाऱ्या त्या शब्दाला बिचकून पुष्कळजणी ती चौकट कोरी ठेवतात. तिथे माहेरचं नाव लिहिण्यात काहीही गैर नाही. ते लपवलं आणि पुढे प्रमाणपत्रावर दिसलं तर मात्र प्रश्न विचारले जातात. सहीसुद्धा पासपोर्टवर आहे तीच करा, आणि ती ठसे घेणाऱ्याच्या समोर करा, घरून करून जाऊ नका.

जन्मतारीख महिना, दिवस, वर्ष या क्रमाने लिहायची. ७ मार्चला जन्मलेल्या बाईने आपल्या सवयीने ०७-०३ लिहिलं की ती तिथे ३ जुलैची होते आणि अर्जाशी तारीख जुळत नाही.

उंची फूट-इंचात, वजन पौंडात. १६० सेंटिमीटर म्हणजे साधारण पाच फूट तीन इंच, आणि कार्डावर ते ५०३ असं तीन आकड्यांत लिहितात. ५५ किलो म्हणजे १२१ पौंड. घरीच हिशेब करून कागदावर लिहून न्या.

वंशाच्या चौकटीत आपण ‘एशियन’मध्ये मोडतो, त्यासाठी इंग्रजी ‘ए’ हे अक्षर. तिथे ‘इंडियन’ लिहू नका. त्या यादीतला ‘आय’ हा संकेत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांसाठी आहे. तसंच जन्मस्थान आणि नागरिकत्वाच्या चौकटीत देशाचं नाव पूर्ण लिहा. ‘आयएन’ अशी दोनच अक्षरं लिहिली तर अमेरिकेत त्याचा अर्थ इंडियाना राज्य असा होतो. सोशल सिक्युरिटी नंबर अजून मिळाला नसेल तर बोर्डाने वेगळं काही सांगितल्याशिवाय ती चौकट रिकामी ठेवा. आधार किंवा पॅनचा नंबर तिथे भरू नका.

आणि मग ‘ओआरआय’. अहवाल कुठल्या कार्यालयाकडे जायचा हे सांगणारा हा संकेत असतो. एकाच राज्यात नर्सिंग बोर्डाचा वेगळा, फार्मसीचा वेगळा, शिक्षण खात्याचा वेगळा. तो मैत्रिणीच्या जुन्या फॉर्मवरून उतरवून घेऊ नका, बोर्डाने तुम्हाला पाठवलेल्या पत्रातूनच घ्या. कॅलिफोर्नियात चुकीच्या कार्यालयाकडे गेलेला अहवाल योग्य कार्यालयाकडे वळवून देत नाहीत. पुन्हा ठसे, पुन्हा पैसे. काही राज्यं हा संकेत आधीच छापलेली स्वतःची कार्डं टपालाने पाठवतात आणि तीच वापरावी लागतात. बाकीच्यांसाठी एफबीआयच्या संकेतस्थळावरचं कार्ड छापून घेता येतं, पण ते बोर्डाला चालतं का हे आधी विचारा, आणि छापायचंच तर साध्या झेरॉक्सच्या कागदावर छापू नका, जाड पांढरा कार्डाचा कागद वापरा.

कार्डं नेहमी दोन भरा. एक पाठवायचं आणि एक जवळ राखून ठेवायचं, किंवा बोर्डाने दोन मागितली असतील तर तिसरं भरायचं. एकाच बैठकीत जास्तीचं कार्ड करून घेतलं की पुढचे कष्ट वाचतात.

बोटांची तयारी

परिचारिकेचे हात दिवसभर साबण, सॅनिटायझर आणि हातमोजे यांच्या तावडीत असतात. घरी आल्यावर भांडी, कपडे, भाज्या. त्वचेवरच्या रेघा झिजतात, कोरड्या पडतात, त्यांना बारीक चिरा जातात. रेशनच्या दुकानात ज्यांचा अंगठा यंत्र घेत नाही, त्यांनी अमेरिकेच्या कार्डाची तयारी दोन-तीन आठवडे आधी सुरू करावी. भांडी घासताना रबरी मोजे घाला. रात्री झोपताना बोटांना पेट्रोलियम जेली किंवा साधं खोबरेल तेल लावा. लिंबू, चिंच, चुना, ब्लीच, फरशीचं ॲसिड यांच्याशी थेट संबंध टाळा. शक्य असेल तर ठशांच्या आदल्या दोन दिवसांत रजा किंवा हलकं काम घ्या. ठसे द्यायला जाताना मात्र बोटांवर तेल किंवा क्रीम राहता कामा नये. त्या दिवशी हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा.

पोहून किंवा खूप वेळ पाण्यात काम करून लगेच जाऊ नका, बोटांच्या टोकाला सुरकुत्या पडलेल्या असतात. बोट कापलं असेल तर जखम भरू द्या. लग्नकार्य असेल तर मेंदी बोटांच्या टोकांवर काढू नका, किंवा रंग उतरल्यावर जा. हाताला खूप घाम येणाऱ्यांनी ठसे घेणाऱ्याला तसं सांगावं, प्रत्येक बोट स्पिरिटने पुसून, वाळवून मगच ठसा घ्यावा. थंडीत काकडलेल्या बोटांचे ठसे चांगले येत नाहीत, हात चोळून गरम करा.

कॅपेसिटाबिन या कर्करोगावरच्या औषधाने तळहात आणि तळपायांची त्वचा सोलवटते आणि त्यात बोटांच्या रेघाही जाऊ शकतात. २००८ साली या औषधामुळे ठसे उमटत नसलेल्या सिंगापूरच्या एका वृद्ध गृहस्थांना अमेरिकेच्या विमानतळावर अडवून ठेवलं होतं. पुढे त्यांच्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात ही हकिगत लिहिली. तुम्ही असे उपचार घेत असाल, किंवा एक्झिमासारखा त्वचेचा जुना आजार असेल, तर डॉक्टरांचं पत्र बरोबर ठेवा आणि बोर्डाला आधीच कळवा.

भारतात कार्ड कुठे करायचं

पोलिसांकडे किंवा खाजगी अंगुलिमुद्रा तज्ज्ञाकडे. महाराष्ट्र पोलिसांचं मुख्य अंगुलिमुद्रा केंद्र पुण्यात गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे, आणि ठसे घेण्यात मुरलेले कर्मचारी पोलीस दलात असतात. पण परदेशी परवान्यासाठी नागरिकाचे ठसे घेणं हे त्यांचं रोजचं काम नाही, आणि प्रत्येक शहराची रीत सारखी नाही. म्हणून थेट जाऊन उभे राहू नका. आधी पोलीस आयुक्तालयात किंवा जिल्ह्याच्या अधीक्षक कार्यालयात चौकशी करा. बरोबर साधा अर्ज, बोर्डाचं पत्र, पासपोर्ट आणि त्याची प्रत, मजकूर भरलेली पण ठसे नसलेली कार्डं, आणि कार्डामागच्या सूचनांचा तुम्ही स्वतः मराठीत लिहिलेला सारांश न्या. हा सारांश फार उपयोगी पडतो. हवालदारांना किंवा तज्ज्ञांना ठसे उत्तम घेता येतात, फक्त या कार्डाची मांडणी त्यांच्या ओळखीची नसते.

खाजगी तज्ज्ञाकडे जायचं असेल तर त्याची सही बोर्डाला मान्य आहे का, हे ईमेलने विचारून उत्तर छापून ठेवा. काही राज्यांना पोलीस अधिकाऱ्याचीच सही लागते. काहींना कार्ड ठसे घेणाऱ्यानेच पाकिटात घालून सीलबंद केलेलं हवं असतं. कोपऱ्यावरच्या नोटरीकडे जाऊन स्टॅम्प पॅडवर बोटं टेकवून येऊ नका. सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात दस्तावर अंगठा लावायला ते पॅड ठीक आहे. या कार्डावर ती पातळ निळी-जांभळी शाई पसरते, रेघांमधल्या फटी बुजवते आणि ठसा बाद होतो. इथे लागते ती छपाईची काळी घट्ट शाई, काचेवर किंवा धातूच्या पाटीवर रोलरने अगदी पातळ पसरलेली. नंतर हात धुताना आधी खोबरेल तेल चोळा, मग साबण लावा.

कार्डावर एकूण चौदा चौकटी असतात. वरच्या ओळीत उजव्या हाताची पाच बोटं अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, त्याखाली डाव्या हाताची पाच, ही दहाही बोटं लोळवून घ्यायची. सर्वांत खाली डाव्या हाताची चार बोटं एकत्र, मधे दोन अंगठे, आणि उजव्या हाताची चार बोटं एकत्र, हे न लोळवता नुसते टेकवलेले ठसे. ही रचना उगीच आलेली नाही. १८९७ साली कोलकात्यात जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र उघडलं. तिथे एडवर्ड हेन्री या अधिकाऱ्याच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी गणिताच्या जोरावर ठशांचं वर्गीकरण बसवलं. दहा बोटांचा ठरलेला क्रम हाच त्या वर्गीकरणाचा पाया होता. श्रेय मात्र बराच काळ एकट्या हेन्रींच्या नावावर राहिलं. १९०१ मध्ये ती पद्धत लंडनच्या स्कॉटलंड यार्डने घेतली आणि तिथून ती जगभर गेली. आज जुळणी संगणक करतो, रेघ कुठे संपते आणि कुठे दुभंगते ते बिंदू मोजून. क्रम तोच राहिला. डावं-उजवं उलटं झालं किंवा एकच बोट दोन चौकटींत उमटलं, तर खाली टेकवलेल्या चार बोटांशी वरचे ठसे जुळत नाहीत आणि कार्ड परत येतं.

लोळवायचं कशासाठी, हेही ठसे देणाऱ्याला माहीत असावं. बोटाच्या रेघा शंखासारख्या वळतात, चक्रासारख्या फिरतात किंवा कमानीसारख्या चढतात. या आकृतीचा मध्य बोटाच्या पोटावर असतो, पण ज्या त्रिकोणी जागी रेघा तीन दिशांना फाटतात ती जागा बहुधा बोटाच्या कडेला असते. चक्रात तर अशा दोन जागा, दोन्ही कडांना. नुसतं बोट टेकवलं तर मध्य येतो आणि कडा राहतात. म्हणून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आणि खाली पहिल्या पेराच्या रेषेपर्यंत ठसा यायला हवा. उमटलेला ठसा जवळपास चौकोनी दिसतो. अंगठे शरीराच्या दिशेने आत लोळवायचे, बाकीची बोटं शरीरापासून बाहेर. अवघडलेल्या स्थितीपासून सैल स्थितीकडे जाणारी ही हालचाल असते, त्यामुळे हात थरथरत नाही. एकदाच, एकाच दिशेने. मागेपुढे केलं की रेघा दुहेरी होतात.

तुमचं काम हात सैल सोडण्याचं. मदत म्हणून तुम्ही स्वतः बोट दाबलं किंवा फिरवलं तर ठसा हमखास फरफटतो. बोटाकडे न पाहता समोर पाहा, हात आपोआप ढिला पडतो. आधी साध्या कागदावर दोन बोटं करून शाईचा अंदाज घ्यायला सांगा. रेघा काळ्या आणि मधल्या फटी पांढऱ्या, अशा वेगवेगळ्या दिसल्या तर शाई बरोबर. सगळं काळं गिचमीड दिसलं तर शाई जास्त, ठिपके ठिपके दिसले तर कमी.

बोट नसेल किंवा वाकतच नसेल तर चौकट कोरी सोडू नका, त्यात कारण लिहून घ्या, कोरी चौकट म्हणजे राहून गेलेला ठसा असं धरलं जातं. सहावं बोट असेल तर अंगठा आणि त्यापुढची चार बोटं नेहमीच्या चौकटींत, जास्तीचं कार्डाच्या मागच्या बाजूला नोंदीसह.

ठसे झाल्यावर उठण्याआधी कार्ड उजेडात धरून प्रत्येक चौकट पाहा. इथे आपली माणसं संकोचतात. समोर वर्दीतला माणूस, त्याने वेळ दिलेला, त्याला ‘साहेब, हे डाव्या अनामिकेचं पुसट आलंय, नवं कार्ड घेऊ या का’ असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण म्हणा. नम्रपणे म्हणा आणि जास्तीचं कार्ड पुढे करा. तुमच्या नोकरीचे दोन महिने त्या एका वाक्यावर आहेत. सही, तारीख, हुद्दा आणि कार्यालयाचा शिक्का, चारही गोष्टी आल्या का ते बघा. शाई पूर्ण वाळल्याशिवाय कार्ड पाकिटात घालू नका. घडी घालू नका, स्टेपल मारू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवून, माग काढता येईल अशा कुरियरने पाठवा. त्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा.

लाइव्ह स्कॅनला जाताना

इथे काम थोडं आहे. कॅलिफोर्नियात बीसीआयए ८०१६ हा फॉर्म बोर्डाकडून घ्यायचा, त्याच्या तीन प्रती न्यायच्या आणि सोबत चालू मुदतीचं फोटो ओळखपत्र ठेवायचं. एक प्रत केंद्रचालकाकडे राहते, एक बोर्डाकडे जाते, एक तुमच्याकडे. पैसे तीन वाटांनी जातात: राज्याच्या न्याय विभागाची फी, एफबीआयची फी, आणि ठसे घेणाऱ्या केंद्राचं शुल्क. पहिल्या दोन ठरलेल्या असतात. तिसरं मात्र केंद्रागणिक बदलतं, तेव्हा दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. टेक्ससमध्ये ठरलेल्या कंपनीच्या केंद्रावर वेळ घेऊन जावं लागतं आणि वेळ घेताना बोर्डाने दिलेला संकेत भरावा लागतो. इलिनॉयमध्ये राज्याने परवाना दिलेल्या केंद्रांची यादी आहे.

केंद्रचालकाने फॉर्मवरून जे टाइप केलं, ते बटण दाबण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा. नाव, जन्मतारीख, ओआरआय, परवान्याचा प्रकार. बोटं कोरडी असल्याने यंत्र ठसा घेत नसेल तर किंचित ओलसर रुमालाने बोट पुसून पुन्हा प्रयत्न करायला सांगा. पावतीवर किंवा फॉर्मवर व्यवहाराचा क्रमांक येतो, कॅलिफोर्नियात त्याला एटीआय म्हणतात. अहवाल पोचला नाही तर चौकशीला तोच एक धागा असतो. तो नसेल तर केंद्र सोडू नका.

अमेरिकेत आधी राहिलेल्यांसाठी

ज्यांनी तिथे शिक्षण किंवा नोकरी केली आहे त्यांना एक मनापासून सांगणं. कधीकाळी दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली असेल, दुकानातला किरकोळ प्रसंग असेल, घरगुती भांडणात पोलीस आले आणि घेऊन गेले असतील, आणि पुढे खटला रद्द झाला असेल, तरी अटकेची नोंद ठशांशी बांधलेली असू शकते. अर्जातला प्रश्न शब्दशः वाचा आणि खरं उत्तर द्या. जुन्या किरकोळ गोष्टीकडे बोर्डं समजुतीने पाहू शकतात. लपवाछपवीला मात्र ती स्वतंत्र दोष मानतात. न्यायालयाच्या अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आधीच मागवून ठेवा. आपल्या नावावर काय आहे याची शंका असेल तर एफबीआयकडून १८ डॉलर भरून स्वतःचा अहवाल मागवता येतो. त्यासाठीचे ठसे अमेरिकेतल्या काही टपाल कार्यालयांत यंत्रावर घेतात. हा अहवाल बोर्डाला देण्यासाठी नाही, तुमच्या माहितीसाठी आहे. त्यात चूक असेल तर ती दुरुस्त करून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि अहवालावरून परवाना नाकारण्याआधी दुरुस्तीची संधी मिळणं हेही नियमात बसतं.

ठसे परवाना मिळाल्यावर बऱ्याच राज्यांत ठेवून घेतले जातात. पुढे अटक झाली तर बोर्डाला आपोआप कळतं. टेक्सस, फ्लोरिडासारखी राज्यं २०१८ पासून अमलात असलेल्या परिचारिकांच्या बहुराज्य परवाना करारात आहेत आणि त्या करारात ठशांवर आधारित राज्याची आणि केंद्राची अशी दुहेरी तपासणी सक्तीची आहे. कॅलिफोर्निया त्या करारात नाही, तेव्हा तिकडे जायचं तर पुन्हा पहिल्यापासून.

कार्ड नाकारलं गेलंच तर घाबरू नका, पण पत्र कपाटात ठेवून देऊ नका. नकाराचं कारण वाचा. मजकुराची चूक असेल तर राखलेलं दुसरं कार्ड दुरुस्त मजकुरासह पाठवता येतं का ते विचारा. ठसे पुसट असतील तर बोटांची दोन आठवडे काळजी घेऊन ठसे घेणाऱ्या दुसऱ्या माणसाकडे जा, शक्य असेल तर यंत्रावर जा. पहिल्या नकाराचं पत्र दुसऱ्या वेळी सोबत जोडायचं असतं का, आणि फी पुन्हा भरायची का, हे बोर्डाला विचारा. ठशांच्या दर्जामुळे दुसऱ्यांदाही नकार आला, तर एफबीआयकडून नावावरून शोध घेण्याची तरतूद आहे. ती विनंती तुमच्या वतीने बोर्डाला किंवा राज्याच्या विभागाला ठरलेल्या मुदतीत करावी लागते आणि अनेकदा ती कुणीतरी आठवण करून दिल्यावरच होते. त्यासाठी दोन्ही नकारपत्रांच्या प्रती आणि व्यवहार क्रमांक जोडून बोर्डाला ईमेल करा, विषयाच्या ओळीत अर्ज क्रमांक लिहा, आणि आठवड्याभरात उत्तर आलं नाही तर फोन करा. भारतातून करत असाल तर संध्याकाळी उशिरा, त्यांची कार्यालयं उघडल्यावर.